अमेरिकेत तिकीट कोण वाटतं? बेळगावचा माणूस आणि डेट्रॉइटची २२ हजार मतं

निवडणुकीच्या दिवसांत बीबीत कुणालाही विचारा, तिकीट कोण ठरवतं? उत्तर ठरलेलं: "वरून येतं." वर म्हणजे मुंबई, नाहीतर दिल्ली. लोणार तालुक्यातलं हे गाव बुलडाणा लोकसभा मतदारसंघात येतं. इथला मतदार मशीनवरच्या नावांतून एक निवडतो. पण ती नावं मशीनवर कशी आली, यात त्याला कुणी विचारत नाही.

अमेरिकेत मात्र हे विचारतात. कसं, ते समजून घ्यायला आपल्याच भाषेतला एक माणूस कामाला येतो: श्री ठाणेदार.

ठाणेदारांचा जन्म १९५५ चा, चिकोडीचा. वाढले बेळगावात. १९७९ मध्ये शिकायला अमेरिकेत गेले, रसायनशास्त्रात पीएचडी केली, प्रयोगशाळांच्या धंद्यात पैसा कमावला आणि १९८८ मध्ये अमेरिकेचे नागरिक झाले. 'ही श्रीची इच्छा' हे त्यांचं आत्मचरित्र अनेकांनी वाचलेलं असेल.

२०१८ मध्ये त्यांनी थेट मिशिगन राज्याचं गव्हर्नरपद लढवायचं ठरवलं. राजकारणात नवखे, पक्षात वजन नाही. आपल्याकडे अशा माणसाला पक्ष कार्यालयाबाहेर बसवून ठेवतात. तिथे ते डेमोक्रॅटिक पक्षाच्या 'प्रायमरी'त उतरले. प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी होणारी निवडणूक, आणि त्यात मत देतात सामान्य मतदार. मिशिगनमध्ये तर पक्षाचं सभासद असावं लागत नाही. मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने असतात. एकाच पक्षाच्या रकान्यात खुणा करायच्या, आणि कोणत्या, ते गुप्त राहतं.

ठाणेदारांनी स्वतःचे सुमारे १ कोटी डॉलर ओतले आणि तिसरे आले. म्हणजे नुसत्या पैशावर भागत नाही. पण पैसा ओतायला अडवतही कुणी नाही. तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९७६ मध्येच सांगून टाकलं की उमेदवाराने स्वतःच्या खिशातून किती खर्च करावा यावर बंधन घालता येणार नाही. आपल्याकडे लोकसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात ९५ लाखांची मर्यादा आहे. कागदावर तरी.

मग २०२० मध्ये ते डेट्रॉइटमधून राज्याच्या विधानसभेत गेले आणि २०२२ मध्ये अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहासाठी उभे राहिले. खरी गोष्ट इथे आहे. मिशिगनचा १३ वा मतदारसंघ डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला. प्रायमरी जिंकली की नोव्हेंबरची निवडणूक जवळपास खिशात. प्रायमरीत उमेदवार ९. ठाणेदारांना मिळाली २८ टक्के, म्हणजे सुमारे २२ हजार मतं. मतदारसंघाची लोकसंख्या साधारण पावणेआठ लाख! नोव्हेंबरमध्ये मग ते ७१ टक्क्यांनी जिंकले.

डेट्रॉइट हे कृष्णवर्णीय बहुसंख्य शहर. तिथले बाकीचे बहुतेक उमेदवार कृष्णवर्णीय होते, मतं फुटली, आणि जवळपास ७० वर्षांत पहिल्यांदा संसदेत या शहराचा कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. तिथे यावरून नाराजी झाली, आणि ती समजण्यासारखी आहे. पण नियम साधा होता: सगळ्यांत जास्त मतं ज्याची, तो जिंकला. निम्मी मतं हवीत अशी अट नाही. हा नियम आपलाही आहे. जॉर्जियासारख्या काही राज्यांत मात्र कुणालाच निम्मी मतं मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत पुन्हा निवडणूक घेतात.

एकाच देशात दोन नियम कसे? कारण आपल्यासारखा सगळ्या देशाची निवडणूक घेणारा एक आयोग तिथे नाही. निवडणूक राज्यं घेतात. मिशिगनमध्ये तर हे काम गावोगावच्या दीड हजारांहून जास्त क्लार्ककडे आहे, आणि त्यातले कितीतरी स्वतःच पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेले असतात. ज्याने मतं मोजायची तोच पक्षाचा माणूस, ही कल्पना आपल्याला पचणार नाही. मला अजून नीटशी पचलेली नाही.

तारखेच्या बाबतीत मात्र हेवा वाटतो. नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार, बस. १८६४ मध्ये यादवी युद्ध चालू असतानाही अध्यक्षपदाची निवडणूक झाली होती. इकडे २०१७ नंतर बुलडाणा जिल्हा परिषदेची निवडणूक वर्षानुवर्षं लांबली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला.

आता बीबीतून कुणी नोकरीसाठी अमेरिकेत गेला, तर त्याला तिथे मत देता येतं का? नाही. ग्रीन कार्ड असलं तरी नाही. त्यासाठी नागरिकत्व लागतं. नागरिक होऊन ७ वर्षं झाली, वय २५ असलं आणि त्या राज्यात राहत असला, तर कनिष्ठ सभागृहासाठी उभं राहता येतं. अध्यक्षपदासाठी कधीच नाही, तिथे जन्मानेच नागरिक असावं लागतं. ठाणेदारांनाही तो दरवाजा बंदच आहे.

आणि भारताचा पासपोर्ट ठेवला, तर बीबीच्या मतदारयादीत परदेशस्थ मतदार म्हणून नाव नोंदवता येतं. फक्त मत द्यायला स्वतः बीबीच्या केंद्रावर यावं लागतं, पासपोर्ट हातात घेऊन.