पट्टी कुठली तुमची?

‘हौशी संगीत नाटकासाठी कलाकार पाहिजेत. गाणाऱ्यांना प्राधान्य. रविवारी सकाळी दहा. येताना एक पद तयार करून या.’

असा मेसेज कंपनीच्या किंवा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडला की काय होतं? निम्मे जण अंगठा दाखवतात, दोन्ही अर्थांनी. दोघं-तिघं ‘ऑल द बेस्ट’ टाकतात. आणि एखादी मुलगी ग्रुपवर काहीच न लिहिता बाथरूमचं दार लावून गुणगुणायला लागते. हा लेख तिच्यासाठी आहे. तिच्यासारखा एखादा मुलगा असेल तर त्याच्यासाठीही.

पालघर-बोईसर पट्ट्यात नोकरी करणाऱ्याला नाटक परवडत नाही, असं ऐकवणारे पुष्कळ भेटतात. तारापूर एमआयडीसीत फर्स्ट, सेकंड, नाईट असं आयुष्य फिरत असतं. बाकीचे भल्या पहाटे गाडी पकडून अंधेरी, चर्चगेट गाठतात. एप्रिल २०१३ मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत आली, १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा जिल्हा झाला, टॉवर उभे राहिले, कॉफी शॉप आली... पण रात्री नऊनंतर करायचं काय, हा प्रश्न तसाच राहिला. नाटक बघायलाच बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहापर्यंत जाणारे इथे कमी नाहीत. मग करायचं ते कुठे आणि कधी?

त्यात संगीत नाटक! म्हणजे तेच ना, भरजरी शालू, एकच ओळ दहा मिनिटं आणि समोर डुलणारे आजोबा?

थोडं तसं आहे, थोडं नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० ला रंगभूमीवर आलं, त्यात दोनशेच्या आसपास पदं होती आणि ‘वन्समोअर’ पडले की रात्र सरायची. पण १९६४ च्या ‘मत्स्यगंधा’पासून जितेंद्र अभिषेकींनी पदं आटोपशीर केली, नाटकाच्या गळ्यात गळा घालून चालणारी केली. आज आपण ज्याला संगीत नाटक म्हणून गुणगुणतो त्यातलं बरंचसं त्यांचं. २०१५ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’चा सिनेमा आला तेव्हा मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्न खाणं विसरलेली तरुण मंडळी आठवतात? ते मूळ नाटक १९६७ चं, दारव्हेकरांचं. त्यात खाँसाहेब उभे करणारे वसंतराव देशपांडे त्याआधी बरीच वर्षं मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी करत होते. फायली, मस्टर, साहेब, सगळं सांभाळून. तेव्हा ‘जॉब करून कसं जमणार’ हा बहाणा तसा जुनाच आहे, बॉस.

करिओकेवाल्यांची पंचाईत

ऑडिशनला गेल्यावर पहिला प्रश्न ‘नाव काय’ नसतो. पेटीवर बसलेले गृहस्थ चष्म्यावरून बघत विचारतात, “पट्टी कुठली?”

आणि इथेच आपल्यातल्या भल्याभल्यांची विकेट पडते. ऑफिसच्या अ‍ॅन्युअल डेला करिओकेवर टाळ्या घेतलेल्या असतात, मोबाइलच्या अ‍ॅपवर गाणी रेकॉर्ड केलेली असतात, पण आपला ‘सा’ कुठे बसतो हे माहीत नसतं. कारण ट्रॅक ज्या पट्टीत येतो त्याच पट्टीत आपण ओढूनताणून गातो. ढोबळ मानाने सांगायचं तर पुरुषांचा आवाज काळी एक-काळी दोनच्या आसपास बसतो, बायकांचा काळी चार-पाचच्या. पण हे ढोबळच. गुरू करायला वेळ नसेल तर तानपुऱ्याचं एखादं अ‍ॅप लावून आठवडाभर रोज दहा मिनिटं ‘सा’ धरून बसा. वरचा ‘सा’ न किंचाळता आणि खालचा ‘प’ न पुटपुटता जिथे लागतो, ती तुमची पट्टी.

करिओकेची दुसरी खोड जास्त वाईट. ट्रॅक कोणासाठी थांबत नाही, म्हणून आपल्याला त्याच्यामागे धावायची सवय लागते. नाटकात उलटं असतं. ऑर्गनवाला आणि तबलजी तुमच्याकडे बघत बसलेले असतात. तुम्ही श्वास घ्याल, एक पाऊल पुढे याल, समोरच्या पात्राकडे बघाल आणि मग उचलाल, तेव्हा ते सुरू होणार. ही मोकळीक मिळाली की अनेकांचे हातपाय गळतात. ठेका चालू आहे, सम कुठे आहे कळत नाही, आणि चेहऱ्यावर मात्र सुभद्रेची व्याकुळता आणायची आहे!

म्हणून ऑडिशनला सोपं पद निवडावं. टीव्हीवर २००८-०९ मध्ये ‘सा रे ग म प’च्या लिटिल चॅम्प्सनी नाट्यपदं गाऊन घराघरांतून कौतुक मिळवलं, तेव्हा आज तिशीला आलेले आपण शाळेत होतो. त्यामुळे पद म्हणजे ताना, असं डोक्यात घट्ट बसलंय. परीक्षकांना तुमच्या ताना नको असतात. चार ओळी सुरात, तालात, आणि शब्द कळतील अशा म्हणता येतात का, एवढंच बघायचं असतं. ताना नंतर बसवता येतात. बेसूरपणा नंतर काढता येत नाही.

जगभर हेच आहे म्हणा. ब्रॉडवेच्या ऑडिशनलाही गाण्याचे मोजके सोळा किंवा बत्तीस बार, म्हणजे जेमतेम अर्धं-एक मिनिट मिळतं. ऑडिशनच्या रांगेत उभ्या असलेल्या नाचणाऱ्यांवरच तिथे १९७५ मध्ये ‘अ कोरस लाइन’ नावाचं म्युझिकल आलं आणि ते १९९० पर्यंत चाललं. आपल्याकडे निदान चहा तरी मिळतो.

बोलता बोलता गायचं

गाणं झालं की हातात एक पान येतं. वाचून दाखवा. मग खरी परीक्षा: “आता हे शेवटचं वाक्य बोला आणि थेट पदात जा.”

संगीत नाटकाची सगळी गंमत या सांध्यात आहे. गद्य संपतं आणि पद सुरू होतं त्या क्षणी बहुतेक नवखे लोक पात्र सोडून गायक होतात. खांदे ताठ, डोळे मिटलेले, एक हात कानाशी. मैफल सुरू! समोरचा नट बिचारा काय करणार? तो नखं बघतो. चांगला दिग्दर्शक इथेच तुम्हाला थांबवतो आणि चालत चालत गायला सांगतो, पाणी ओतता ओतता गायला सांगतो, पाठ करून गायला सांगतो. आवाज हलला तरी चालेल, पण तुम्ही कोणाशी तरी बोलत असलं पाहिजे. आवाज थोडा कमी पण हा सांधा जमलेला, असा माणूस माझ्या मते नेहमी जास्त मार्क घेऊन जावा. दुर्दैवाने नेहमी तसं होत नाही. अजूनही ‘गळा’ बघूनच भूमिका देणारे पुष्कळ आहेत आणि मग दोन अंक प्रेक्षक पदांची वाट बघत खुर्चीत कूस बदलत राहतात.

आता त्या पानाबद्दल थोडं. किर्लोस्कर, खाडिलकर यांची भाषा संस्कृतकडे झुकलेली, ठाशीव. आपल्या जिल्ह्यात घरी बोलली जाते ती वाडवळी, मांगेली, सामवेदी, आगरी, वारली. बोईसरला तर खानदेश-विदर्भापासून उत्तर प्रदेशापर्यंतचं कोण कोण येऊन राहिलंय. केळवे-माहीमकडची मुलगी सुरेल गाते, पण वाचायला लागली की तिचे ण-न, ळ-ल कोणीतरी पेनाने मोजतं आणि शेवटी नावापुढे लिहिलं जातं, ‘भाषा’. एवढा एकच शब्द. ती बाहेर पडते आणि परत कुठल्याच ऑडिशनला जात नाही.

हे मला मुळीच पटत नाही. उच्चार तालमीत घासून घेता येतात, त्यासाठीच तर दोन-तीन महिने असतात. आणि नाटकवाल्यांनी स्वतःलाही विचारावं की दरवेळी ‘सौभद्र’च का? मालवणीला रंगभूमीवर कोण उभं करणार, असं म्हणणाऱ्यांना गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने १९८० मध्ये उत्तर दिलं. गंमत म्हणजे ते नाटकच मुळी गावातल्या हौशी मंडळींच्या नाटकाबद्दल आहे. वाडवळीत, मांगेलीत गाणी काय कमी आहेत? ज्या मातीत तारपा वाजतो, तिथल्या संगीत नाटकात ऑर्गनशिवाय दुसरं काहीच वाजू नये हे अजब आहे.

याच जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या बाजूला बोहाडा होतो. देवादिकांचे मुखवटे चढवून रात्र रात्र सोंगं नाचतात. तिथे ऑडिशनची भानगडच नाही. अमुक सोंग अमुक घराण्याचं, असा मान बापाकडून मुलाकडे येतो. किती बरं, वाटतं ना? पण मग त्या घराण्यात न जन्मलेल्या, नाचायची हौस असलेल्या पोराने काय करायचं? आपली रविवारची ऑडिशन कितीही जीव खाणारी असली तरी तिथे आडनाव विचारून सोंग मिळत नाही. निदान मिळू नये.

‘कोरस’ म्हणजे अपमान नव्हे

निकाल रात्री ग्रुपवर येतो. नायिका अमुक, नायक अमुक, सूत्रधार अमुक... आणि खाली तुमचं नाव: समूह. मूड ऑफ. दुसऱ्या दिवशी डब्यातली भाजीही बेचव लागते.

तर एक गोष्ट ऐका. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. तेंडुलकरांचं नाटक, भास्कर चंदावरकरांचं संगीत, पीडीएची हौशी मुलं. दिग्दर्शक जब्बार पटेल डॉक्टर, नाना फडणवीस करणारे मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. त्या नाटकात सतत दिसतं काय, तर माणसांची एक भिंत. ती गाते, डोलते, उघडते, मिटते, पुणं होते, पडदा होते. नाटकाचा श्वास तिच्यात आहे. समूहातला एक जण जरी तालाला चुकला तरी भिंतीला भगदाड पडतं. पुढे हेच नाटक १९८० मध्ये युरोपात गेलं.

आणि जब्बार पटेल तेव्हा पुण्यात राहून हे करत होते असंही नाही. त्यांचा दवाखाना दौंडला. पेशंट बघायचे आणि तालमीला पुणं गाठायचं. बोईसरहून अंधेरीला अप-डाउन करणाऱ्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

राज्य सरकारची हौशी नाट्यस्पर्धा १९५४ पासून चालू आहे, संगीत नाटकांची स्पर्धा वेगळी भरते. मराठी रंगभूमीवरची कितीतरी मोठी नावं या स्पर्धेच्या विंगेतूनच बाहेर आली. तिथे पोचायचं तर आधी तीन महिने माणसं टिकवावी लागतात, आणि आपल्याकडे घोडं नेमकं इथेच अडतं. गळा असतो, हौस असते, शिफ्ट नसते. फॉर्मवर ‘तालमीला रोज येणार का?’ समोर लोक बिनधास्त ‘हो’ लिहितात आणि दुसऱ्या आठवड्यात सेकंड शिफ्ट लागते. सुभद्रा आहे तर अर्जुन नाईटला! त्यापेक्षा पहिल्याच दिवशी महिन्याचं शिफ्टचं वेळापत्रक पुढे ठेवा. शहाणा दिग्दर्शक त्यावरूनच तालमीचा तक्ता आखतो, तुमच्या पदांच्या तालमी तुमच्या फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात लावतो. तक्ता न बघता ‘नाटकावर प्रेम असेल तर याल’ असं सुनावणाऱ्या दिग्दर्शकाकडे जाऊ नका, असं मी म्हणेन. प्रेम आहेच हो, पण पगारही त्याच महिन्यात लागतो.

मुलींच्या बाबतीत आणखी एक प्रश्न ऑडिशनच्या दिवशीच मोकळेपणाने विचारावा: तालीम किती वाजता सुटते आणि स्टेशनपर्यंत कोण सोबत असतं? चांगल्या ग्रुपमध्ये कोण कोणाला कुठे सोडणार हे आधीच ठरलेलं असतं. ‘बघू, जाईल कोणीतरी’ असं उत्तर आलं तर घरच्यांचा विरोध रास्त आहे असं समजा.

आणि नावच आलं नाही तर? संगीत नाटकाला विंगेत माणसं लागतात. झांजा धरणारा, ऑर्गनची पानं उलटणारा, आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रॉम्प्टर. हातात वही घेऊन रोज तालमीला बसणाऱ्या प्रॉम्प्टरला महिन्याभरात सगळ्यांची वाक्यं पाठ होतात, पदंही होतात, कोण कुठल्या पट्टीत आहे तेही. मग प्रयोगाच्या दहा दिवस आधी सूत्रधाराची अचानक बदली होते सिल्वासाच्या प्लान्टला, दिग्दर्शक कपाळावर हात मारून बसतो, आणि पेटीवरचे गृहस्थ चष्म्यावरून विंगेकडे बघत विचारतात, “काय रे, पट्टी कुठली तुझी?”