जुन्या जीपचा मागचा ॲक्सल : आधी ओळख, मगच बदल

कोंढा (जि. भंडारा) : पवनी तालुक्यातील कोंढ्यासारख्या धानपट्ट्यातील गावात जुनी जीप बांधीच्या चिखलातून मुकाट्याने वाट काढते. तीच जीप नागपूरच्या महामार्गावर वेग घेऊ लागली, की इंजिनाचा आवाज असह्य होतो. दोष बहुधा इंजिनाला दिला जातो. कारण अनेकदा मागच्या ॲक्सलमध्ये असते.

महिंद्र कंपनीने दीर्घकाळ बनविलेल्या विलिज घराण्यातील सीजे-३बी जीपचा मूळ मागचा ॲक्सल स्पायसर-४४ या जातीचा आहे. त्याच्या क्राउनला ४३ आणि पिनियनला ८ दाते असतात. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी प्रोपेलर शाफ्टला ५.३८ फेरे घ्यावे लागतात. मूळ मापाच्या, सुमारे २८ इंच उंचीच्या टायरवर टॉप गिअरमध्ये ताशी ८० किलोमीटर वेगाला इंजिन मिनिटाला सुमारे ३,२०० फेरे घेते. ४.२७ रेशोचा क्राउन-पिनियन बसविल्यास हाच आकडा २,५५० च्या आसपास येतो. अर्थात ओढण्याची ताकदही पाचव्या हिश्शाने घटते. ज्यांची जीप मुख्यत्वे शेतातच फिरते, त्यांनी हा खर्च न केलेलाच बरा.

इतक्या वर्षांच्या दुरुस्त्यांनंतर आत मूळचेच दाते असतील, याची खात्री नसते. ते पाहण्याची रीत सोपी आहे. पुढच्या चाकांना अडण लावावी, गाडी न्यूट्रलमध्ये आणि टू-व्हीलमध्ये ठेवावी, मागचे एकच चाक उचलून ॲक्सलखाली भक्कम स्टँड द्यावा. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नव्हे, प्रोपेलर शाफ्टवर लागतो; तो सोडल्याशिवाय काहीच फिरणार नाही. उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवावे आणि शाफ्टचे फेरे मोजावेत. पाच फेऱ्यांवर एक तृतीयांशाहून थोडे अधिक भरले तर ५.३८, पाचाला किंचित कमी पडले तर ४.८८, सव्वाचार भरले तर ४.२७.

चाकाचा मध्यही न्याहाळावा. तेथे पिन घातलेला मोठा नट असेल, तर तो निमुळत्या टोकाचा शाफ्ट होय. हा नट सैल राहिला, की आतली चावी कापली जाते. या रचनेत गाडीचा भारही शाफ्टवरच असतो. तो तुटल्यास चाक निखळू शकते. युद्धकाळातील जीपच्या ॲक्सलमध्ये भार हबवर असे, त्यामुळे शाफ्ट तुटूनही चाक जागेवर राही. म्हणून रेशो बदलण्याआधी शाफ्ट आणि बेअरिंग तपासून घेणे अधिक निकडीचे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे केवळ मागचाच रेशो बदलणे. पुढचा ५.३८ आणि मागचा ४.२७ असताना फोर-व्हील टाकल्यास दोन्ही ॲक्सल एकमेकांशी झगडतात आणि दाते तुटतात. दोन्ही जोड एकाच वेळी बदलावेत. स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधून निघते, त्यामुळे तिचे गिअर न बदलल्यास ताशी ८० ने धावणारी जीप काट्यावर जेमतेम ६३ दाखवील.