संपीडन चाचणी
संपीडन चाचणी ही पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरांतील दाब मोजून पिस्टन रिंगा, झडपा व हेड गॅस्केट यांची झीज ओळखण्याची पद्धत आहे. लाखभर किलोमीटर धावलेली वेगवान मोटार विकत घेताना ती विशेष उपयोगी पडते. ओडोमीटरचा आकडा फसवा असू शकतो. इंजिन गरम करून सर्व स्पार्क प्लग काढतात, इंधन व प्रज्वलन बंद ठेवतात आणि थ्रॉटल पूर्ण उघडून स्टार्टरने इंजिन फिरवतात. दाब कमी भरलेल्या सिलिंडरात थोडे तेल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढल्यास दोष बहुधा रिंगांचा, अन्यथा झडपांचा किंवा गॅस्केटचा असतो.

पुण्यातील येरवडा समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. तेथे हवा विरळ असल्याने निरोगी इंजिनाचेही माप मुंबईपेक्षा साधारण सहा टक्क्यांनी कमी येते. त्यामुळे केवळ पुस्तिकेतील आकड्याशी तुलना केल्यास चांगले इंजिनही झिजलेले ठरू शकते. सिलिंडरांमधील परस्पर फरक पाहणे आवश्यक असते.