कायमचा पत्ता कोणता लिहावा?

सुरतहून भुसावळकडे जाताना गाडी नवापूरला थांबली की मुलांनी खिडकीतून जरूर पाहावे. हे स्थानक थोडे महाराष्ट्रात आणि थोडे गुजरातमध्ये आहे. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, तर स्टेशन मास्तरांचे कार्यालय गुजरातमध्ये! फलाटावर एक बाक असा आहे की त्याच्या मधून सीमा जाते, आणि त्यावर दोन्ही राज्यांची नावे रंगवलेली आहेत. आपल्या शाळेतील बरीचशी घरे अशाच बाकावर बसलेली आहेत. राहणे लिंबायत, उधना, डिंडोली नाहीतर पांडेसऱ्यात, आणि ओढ जळगाव, धुळे, नंदुरबारची. कानबाईला गाव, आखाजीला गाव, लग्नसराईत तर गावच गाव. यात वावगे काहीच नाही. अडचण येते ती कागदावर.

शाळेच्या प्रवेश अर्जात ‘सध्याचा पत्ता’ आणि ‘कायमचा पत्ता’ असे दोन रकाने असतात. दुसऱ्या रकान्यापाशी पालकांचा पेन थांबतो. काही जण गावचा पत्ता लिहितात, काही सुरतेचा, आणि काही जण आम्हालाच विचारतात, “सर, कोणता लिहिला तर पुढे फायदा होईल?” प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख.

आपल्यातील काहींच्या आजोबांना हा प्रश्न पडलाच नव्हता. 1 मे 1960 पूर्वी सुरत आणि खानदेश दोन्ही मुंबई राज्यातच होते. त्याआधी जे इकडे आले त्यांनी जिल्हा बदलला, राज्य नाही. नंतर यंत्रमाग आणि प्रोसेस हाऊसच्या कामासाठी जे आले ते मात्र सीमा ओलांडून आले.

अमेरिकेत काही लोक घर विकून मोठ्या मोटारीतच संसार थाटतात आणि वर्षभर राज्याराज्यांतून फिरत राहतात. त्यांनाही लायसन्स, विमा, मतदान यांसाठी एक राज्य ‘आपले’ म्हणून निवडावे लागते. बहुतेक जण साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडा निवडतात, कारण तिथे राज्याचा आयकर नाही. म्हणजे ते सोय पाहून राज्य निवडतात. आपल्याकडे तशी निवड फारशी हातात नसते, हे पालकांनी आधी लक्षात घ्यावे. सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली प्रदीप जैन खटल्यात आणि पुन्हा जानेवारी 2025 मध्ये सांगितले आहे की भारतीयाचा अधिवास एकच, तो म्हणजे भारत. आपण ज्याला राज्याचे ‘डोमिसाइल’ म्हणतो तो खरे तर तिथे राहत असल्याचा दाखला असतो. आणि राहणे हे सांगून होत नाही, राहूनच होते.

प्रथम मतदानाचे पाहू. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे एका माणसाचे नाव एकाच मतदारसंघात असू शकते, आणि तेही जिथे तो सामान्यतः राहतो तिथे. गावात घर आहे एवढ्यावरून तुम्ही तिथले रहिवासी ठरत नाही, असे कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. खोटे निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. तरीही ग्रामपंचायतीची निवडणूक आली की सुरतेतून गाड्या भरून जातात, हे आपण सारे जाणतो. 2025 च्या अखेरीस गुजरातमध्ये मतदार याद्यांची विशेष सखोल तपासणी झाली, तेव्हा 2002 च्या यादीत आपले किंवा आईवडिलांचे नाव कुठे होते याची शोधाशोध पुष्कळ घरांना करावी लागली. नाव हलवायचे असेल तर फॉर्म 8 भरावा. (जाता जाता: लिंबायत आणि उधना हे भाग सुरत शहरात असले तरी लोकसभेसाठी ते नवसारी मतदारसंघात मोडतात. मुलांना हे सामान्यज्ञानात उपयोगी पडेल.)

नाव हलवायला लोक कचरतात ते एका भीतीपोटी. गावच्या मतदार यादीतून नाव गेले की सातबाऱ्यावरूनही जाईल, भाऊबंद जमीन घेतील, असे वाटते. तसे होत नाही. सातबारा मालकीचा कागद आहे, मतदार यादी राहण्याचा. दोहोंचा संबंध नाही.

रेशनची गोष्ट आता सोपी झाली आहे. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेची सुरुवात ऑगस्ट 2019 मध्ये ज्या दोन जोड्यांपासून झाली त्यांपैकी एक जोडी गुजरात आणि महाराष्ट्र हीच होती. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालील कार्डावर गावचे धान्य सुरतेतल्या दुकानात अंगठा देऊन मिळते. गावी राहिलेले आजीआजोबा त्यांच्या वाट्याचे तिकडे घेऊ शकतात. मात्र एखादे राज्य स्वतःच्या खर्चाने तेल, डाळ असे जे जादा देते ते दुसऱ्या राज्यात मिळत नाही.

गाडीबाबत थोडक्यात सांगतो. एमएच 19, एमएच 18 किंवा एमएच 39 ची गाडी सुरतेत बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे तिला गुजरातचा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओकडून ना-हरकत पत्र आणावे. 2021 पासूनचा ‘बीएच’ नंबर सरकारी नोकरांना, आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या कंपन्यांतील नोकरांनाच मिळतो.

आता शिक्षणाकडे येतो, कारण खरी झळ इथे बसते.

दहावीनंतर “अकरावी-बारावी मामाकडे जळगावला करू दे, तिकडे क्लास चांगले आहेत” असा विचार दरवर्षी काही घरांत होतो. क्लास चांगले असतीलही. पण सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत एमबीबीएसच्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, बाकीच्या 85 टक्के राज्याच्या असतात. महाराष्ट्राच्या कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागते, शिवाय तिथले डोमिसाइल. गुजरातच्या कोट्यासाठी बारावी गुजरातमधील शाळेतून लागते. ज्याने दहावी सुरतेत आणि बारावी जळगावात केली त्याला दोन्हीकडे अडचण येते. हुशार मूल केवळ या कारणाने मागे राहिले की आम्हाला फार वाईट वाटते, कारण तोवर दोन वर्षे निघून गेलेली असतात आणि शाळेच्या हाती काहीच उरत नाही.

आपल्याच शहरातील एसव्हीएनआयटीचे पाहा. तिथे निम्म्या जागा गृहराज्यासाठी असतात, आणि गृहराज्य ठरते ते बारावी कुठून उत्तीर्ण झाली त्यावरून. मूळ गाव कोणते, मातृभाषा कोणती, हे कोणी विचारत नाही. मराठी माध्यमातून सुरतेत बारावी झालेला मुलगा तिथे पूर्ण गुजरातचा. महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात आई किंवा वडील यांचे महाराष्ट्र डोमिसाइल चालते असा एक प्रकार आहे, पण वडील वीस वर्षे सुरतेत राहत असतील तर तो दाखला कोणत्या आधारावर घेणार? महाराष्ट्रात त्यासाठी साधारणपणे पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते, गुजरातमध्ये दहा. नियमांत दरवर्षी फेरफार होतात, म्हणून त्या-त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी.

दुसरी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली आहे. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. त्यामुळे मूल वाढले सुरतेत, पण जन्मदाखला अमळनेरचा किंवा शिरपूरचा. अशा मुलाला गुजरातमध्ये डोमिसाइल काढावे लागते आणि दहा वर्षांचे पुरावे जमवावे लागतात. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांच्या नावावर लाइटबिल नसते. तेव्हा भाडेकरार, बँकेचे पासबुक आणि शाळेचे बोनाफाइड दाखले पहिल्या वर्षापासून फाईलला लावून ठेवावेत.

जातीच्या दाखल्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यवार असतात. आंध्रातील एका विद्यार्थ्याचे वडील नोकरीनिमित्त मुंबईला आले होते आणि तो लहानपणापासून तिथेच वाढला. त्याने तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात जमातीच्या राखीव जागेवर हक्क सांगितला. 1990 साली सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. स्थलांतर करणाऱ्याला मूळ राज्याचा दर्जा नव्या राज्यात मिळत नाही, जातीचे नाव दोन्ही याद्यांत असले तरीही. महाराष्ट्रात दाखला देताना पूर्वज ठराविक तारखेला कुठे राहत होते ते पाहतात: अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. म्हणून आजोबांचा शाळेचा दाखला सोन्यासारखा जपावा. गावच्या प्रांताधिकाऱ्यांकडून मिळालेला अनुसूचित जाती-जमातीचा दाखला गुजरातच्या राखीव जागेसाठी चालणार नाही, पण केंद्राच्या नोकऱ्या आणि केंद्रीय संस्थांसाठी मूळ राज्याच्या आधारावर हक्क राहतो.

आमचे मत विचाराल तर मूल आठवी-नववीत असतानाच घरी बसून ठरवावे की बारावी कुठे करायची. दहावी आणि बारावी एकाच राज्यात ठेवावी, आणि मग मतदान, गाडी, बँक हे सारे कागद जिथे खरोखर राहता त्याच पत्त्याचे करून घ्यावेत. अर्जातल्या त्या रकान्यात गावचा पत्ता लिहिलात तरी आमची हरकत नाही.

नववीच्या पालकांनी दिवाळीच्या सुट्टीपूर्वी एकदा कार्यालयात येऊन जनरल रजिस्टरमधील पाल्याचे नाव, जन्मस्थळ आणि जात या नोंदी पाहून जाव्यात. चूक असल्यास ती मूल शाळेत असेपर्यंत दुरुस्त करणे सोपे असते. दाखला हातात पडल्यावर फार खेटे घालावे लागतात. येताना मूळ जन्मदाखला आणावा, झेरॉक्स चालणार नाही.