अठरा दिवसांची राखण : घरच्या घरी बटेरची पिल्ले

परसातल्या चार कोंबड्यांच्या अंड्यांवर मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च भागवणाऱ्या आया आपल्या वस्त्यांत पूर्वीपासून आहेत. आता परस उरले नाही. दहा बाय बाराची खोली आणि वर पत्रा. अशा ठिकाणी कोंबड्या मावत नाहीत, बटेर मात्र मावतात. दीड-दोनशे ग्रॅमचा हा पक्षी सहा-सात आठवड्यांत अंड्यावर येतो आणि नीट सांभाळलेली मादी वर्षाला अडीचशेच्या आसपास अंडी देते.

मात्र पक्षी पाळायचे म्हटले की कुणीतरी योजना घेऊन दारात येतो : "पैसे भरा, पिल्ले घ्या, अंडी आम्हीच विकत घेऊ." 2019 साली सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथ कोंबडीच्या अशाच परतखरेदीच्या आमिषाला अनेक शेतकरी बळी पडले, हे विसरून चालणार नाही. त्यापेक्षा दोन डझन अंडी आणून स्वतः पिल्ले काढायला शिकावे. फसले तरी नुकसान थोडे, आणि शिकलेले हातात राहते.

बाजारात ज्याला बटेर म्हणतात तो जपानी लाव्हा. 1974 साली तो अमेरिकेतून उत्तर प्रदेशातील इज्जतनगर येथे आणला गेला आणि तेथून देशभर पसरला. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढल्यामुळे ही मादी सहसा अंड्यांवर बसत नाही. म्हणून ऊब आपल्याला द्यावी लागते. आपल्या शेताशिवारातला लाव्हा मात्र वेगळा. त्याला पकडणे किंवा त्याच्या घरट्याला, अंड्यांना हात लावणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे.

अंडी कशी निवडावीत?

दुकानात खाण्यासाठी मिळणारी अंडी सहसा चालत नाहीत. ती बहुधा नराशिवाय ठेवलेल्या माद्यांची किंवा थंड कपाटातली असतात. ज्याच्याकडे दोन-तीन माद्यांमागे एक नर आहे, अशा पाळणाऱ्याकडून अंडी घ्यावीत. ती सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत. दहा-बारा ग्रॅमची, न तडकलेली, स्वच्छ अंडी निवडावीत, धुऊ नयेत. प्रवासातून आणलेली अंडी निमुळते टोक खाली करून गार जागी एक रात्र स्थिर ठेवावीत.

उबवणीचा खोका

थर्माकोलचा जाड खोका, त्यात तारेचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब, ठरलेल्या उष्णतेला बल्ब बंद-चालू करणारा थर्मोस्टॅट, पाण्याची पसरट वाटी आणि हवेसाठी चार-सहा भोके, एवढे पुरते. एलईडी बल्ब पुरेशी उष्णता देत नाही. बल्ब थर्माकोलला टेकता कामा नये; होल्डर पत्र्याच्या किंवा लाकडाच्या तुकड्यावर घट्ट बसवावा. वायर उघडी राहू देऊ नये. घरात लहान मुले आहेत याची आठवण ठेवावी.

आतमध्ये छोटा पंखा असेल तर उष्णता 37.5 अंश सेल्सिअस ठेवावी. पंखा नसेल तर हवा वर गरम आणि खाली गार राहते. म्हणून अंड्यांच्या माथ्याशी मोजून 38.5 अंशांच्या आसपास ठेवावी. स्वस्त मापक चुकीचे आकडे दाखवू शकतो. कोमट पाण्यात त्याचे टोक आणि घरातला तापाचा थर्मामीटर एकत्र धरून दोन्ही आकडे जुळतात का ते पाहावे. अंडी ठेवण्यापूर्वी रिकामा खोका पूर्ण एक दिवस चालवून पाहावा.

गारव्यापेक्षा उष्णतेची भीती जास्त. वीज तास-दोन तास गेली तर खोका न उघडता वरून गोधडी टाकावी. पिल्ले थोडी उशिरा निघतील एवढेच. पण खोका 40 अंशांच्या वर गेला तर आतला जीव दगावतो. खोका गरम करता येतो, गार करता येत नाही. त्यामुळे विदर्भ-मराठवाड्यात पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मे महिन्यांत अंडी लावूच नयेत. बल्ब बंद असला तरी खोलीच त्याच्यापेक्षा तापलेली असते.

दिवसांचा हिशेब

बटेरची पिल्ले 17 ते 18 दिवसांत निघतात. कामावर जाणाऱ्यांनी बुधवारी संध्याकाळी अंडी लावावीत. मग चौदावा दिवस बुधवारीच येतो आणि पिल्ले शनिवार-रविवारी, घरात माणसे असताना निघतात.

पहिले 14 दिवस अंडी दिवसातून निदान तीन वेळा उलटावीत : कामाला जाण्यापूर्वी, दुपारी आणि झोपताना. एका बाजूला पेन्सिलने फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढला की चूक होत नाही. दुपारचे काम शाळेतून आलेल्या मुलांना द्यावे. साबणाने हात आधी आणि नंतरही धुवायला लावावेत. या काळात आर्द्रता 45 ते 55 टक्के असावी. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात पाणी कमी लागते, कोरड्या हवेत जास्त. आर्द्रता वाढवायची तर वाटी खोल नको, पसरट हवी.

पंधराव्या दिवसापासून अंडी हलवू नयेत. खाली खरखरीत कापड अंथरावे, आर्द्रता 65 ते 70 टक्के करावी आणि झाकण बंद ठेवावे. कवचाला तडा गेला की हात शिवशिवतात, पण ओढून पिल्लू बाहेर काढू नये. पोटातल्या बलकावर पिल्लू जवळपास दिवसभर तग धरते. सुकून फुलल्यावरच ते बाहेर घ्यावे.

पहिला आठवडा

पिल्लू सात-आठ ग्रॅमचे, मोठ्या भुंग्याएवढे असते. उथळ झाकणातल्या पाण्यातही ते बुडून मरते, म्हणून पाण्यात काचेच्या गोट्या टाकाव्यात. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पाय फाकतात, गोणपाट अंथरावे. पहिल्या आठवड्यात बल्बखाली 35 ते 37 अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी करावी. पिल्ले बल्बखाली गोळा झाली तर त्यांना थंडी वाजते. दूर जाऊन धापा टाकू लागली तर उकडते. ब्रॉयलर पिल्लांचे सुरुवातीचे खाद्य बारीक दळून द्यावे.

निघालेल्या पिल्लांत साधारण निम्मे नर असतात. तीन आठवड्यांनंतर छातीच्या पिसांवरून ते ओळखू येतात : नराची तांबूस, मादीची काळ्या ठिपक्यांची. नरांचे काय करायचे, हे अंडी लावण्याआधीच घरात ठरवावे. नाहीतर खाद्याचा खर्च नफा खाऊन टाकतो.

वही ठेवा

एका वहीत तारीख, सकाळ-संध्याकाळची उष्णता, वीज गेल्याची वेळ आणि अंडी उलटल्याची खूण रोज लिहावी. पहिल्या खेपेला 24 अंडी पुरेत; निम्मी निघाली तरी खेप फसली असे समजू नये. अठरा दिवसांनंतर आणखी दोन दिवस वाट पाहून उरलेली अंडी फोडून बघावीत. आत काहीच धरले नसेल तर बहुधा अंडे फलित नव्हते. रक्ताचे कडे दिसले तर पहिल्याच दिवसांत जीव गेला. शिळी अंडी किंवा उष्णतेतला चढउतार हे त्याचे नेहमीचे कारण. पूर्ण वाढलेले पिल्लू कवचात मेले असेल तर शेवटच्या दिवसांतली आर्द्रता आणि उष्णता वहीत तपासावी.

पुढे पक्षी एकाएकी मरू लागले तर घरगुती उपायांत वेळ न घालवता जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. जाताना ही वही सोबत न्यावी.