पाणी उसनं, उडी स्वतःची!

‘मला एकदम नवीन काहीतरी सुचलंय!’ असं आपण सगळेच कधी ना कधी म्हणतो. पण सुचलेलं ते खरंच आपलं असतं का? की आजीकडून ऐकलेलं, कुठंतरी वाचलेलं, शेजाऱ्याकडे पाहिलेलंच नवे कपडे घालून येतं? उत्तर शोधायला पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात जाऊ. तिथं ते भिंतींवर लिहिलेलं आहे, तारप्यातून वाजतं आहे आणि कड्यावरून कोसळतंही आहे.

१. धबधब्याचं स्वतःचं काय?
लेंडी नदीवरचा दाभोसा धबधबा सुमारे ३०० फुटांवरून खाली झेपावतो. त्याचं पाणी अरबी समुद्रावरून आलेल्या ढगांचं आणि कडा कोट्यवधी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हाचा. म्हणजे दोन्ही उसनं! तरीही दाभोसा दुसऱ्या कुठल्याच धबधब्यासारखा दिसत नाही. पाणी उसनं असलं तरी उडी त्याची स्वतःची आहे.

२. तीन आकार, अख्खं जग
वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन एवढीच वारली चित्रकलेची बाराखडी. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस उभा राहतो. गेरूनं सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक ठेचलेली बांबूची काडी एवढंच साहित्य. लग्नघराच्या भिंतीवरचा चौक इथं काढत नाहीत, ‘लिहितात’. मराठी मुळाक्षरंही सगळ्यांना तीच मिळतात, पण म्हणून सगळ्यांच्या गोष्टी एकसारख्या होत नाहीत.

३. सही नसलेली भिंत
चौक लिहितात त्या सवासिनी. मधोमध पालघट देवी असते आणि लग्न लावणारी धवलेरी गाणी गाते. चित्राखाली कुणाचंच नाव नसतं. पिढ्यान् पिढ्या बायकांनी घडवलेल्या या कलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हा मान एकट्यादुकट्याचा नाही, साऱ्या समाजाचा आहे.

४. ...आणि एक नाव उमटलं
जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म १९३४ सालचा. लहानपणी आई गेली आणि या मुलाचं बोलणंच थांबलं. तो धुळीत रेघोट्या ओढून मनातलं सांगू लागला. पुढं १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी त्यांच्या हाती कागद दिला आणि लग्नघराची भिंत ओलांडून ही चित्रं जगभर निघाली. १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात ती झळकली आणि २०११ साली म्हसे यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी एकही नवा आकार शोधला नाही. पण त्यांनी रंगवलेलं मासे पकडण्याचं जाळं पाहिलं की ते कुणाचं, हे सांगावं लागत नाही.

५. तारप्याला पाठ नाही
सुकवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाची पानं आणि मेण यांतून तारपा हे वाद्य घडतं. वाजवणारा मध्ये असतो आणि एकमेकांच्या कमरेभोवती हात घातलेली साखळी त्याच्याभोवती फिरते. तारप्याकडे पाठ करायची नाही, हा दंडक. चाल बदलली की पावलं बदलतात. प्रत्येकजण शेजाऱ्याला धरूनच नाचतो, तरी प्रत्येकाचा ठेका आणि लय त्याची स्वतःची असते.

६. मुखवट्याआडचा माणूस
जव्हार-मोखाड्याच्या बोहाडा उत्सवात देव-दानवांची सोंगं संबळाच्या तालावर नाचतात. सोंग ठरलेलं, कथा ठरलेली आणि शेवटही सगळ्यांना पाठ. तरी गाव रात्रभर जागतं, कारण अंगात सोंग भिनवणारा माणूस दरवर्षी ते नव्यानं जिवंत करतो.

७. ‘भाष्य’ की नवा ग्रंथ?
आता डोंगराबाहेरही पाहू. गीतेचे श्लोक ७००. त्यांवर ज्ञानदेवांनी १२९० साली नेवाशात सुमारे नऊ हजार ओव्या सांगितल्या. म्हणायला ते दुसऱ्याच्या ग्रंथावरचं भाष्य. पण ज्ञानेश्वरीला कुणी नक्कल म्हणेल का?

८. तीन लोंब्यांची कमाल
चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली आपल्या शेतात वेगळ्या दिसणाऱ्या तीन लोंब्या आढळल्या. त्यांनी त्या जपल्या, पुन्हा पुन्हा पेरल्या आणि त्यातून ‘एचएमटी’ हा तांदूळ जन्मला. त्याला नाव मिळालं ते तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचं! लोंब्या निसर्गाच्या आणि नाव घड्याळाचं, पण नजर मात्र दादाजींचीच.

९. एकच कल्पना, दोन डोकी
डार्विन आणि वॉलेस यांना निसर्गनिवडीची कल्पना स्वतंत्रपणे सुचली. १ जुलै १८५८ रोजी लंडनमध्ये दोघांचंही लेखन एकाच बैठकीत वाचलं गेलं. दोघांच्या विचाराला चालना देणारं पुस्तकही एकच होतं, लोकसंख्येवरचं माल्थसचं. पण डार्विन बीगल जहाजावरून जग फिरून आला होता आणि वॉलेस मलाय बेटांच्या जंगलांत भटकत होता. पुस्तक एक असलं तरी वाटा दोन होत्या.

१०. जुळ्यांचाही अंगठा वेगळा
एकाच बीजातून जन्मलेल्या जुळ्यांचा आनुवंशिक वारसा जवळजवळ एकच असतो, पण बोटांचे ठसे जुळत नाहीत. आईच्या पोटातल्या इवल्याशा जागेतही प्रत्येकाच्या बोटांवर पडणारा दाब वेगळा असतो आणि अशा बारीकसारीक फरकांनी रेषा बदलतात.

मग अस्सल, स्वतंत्र विचार शक्य आहे का? आहे! फक्त तो हवेतून येत नाही. घेतलेलं मनापासून जगलं, की त्यावर आपला ठसा आपोआप उमटतो. म्हणून ‘सगळं आधीच कुणीतरी करून ठेवलंय’ असं म्हणत हात आखडू नका. आणि पुढच्या वेळी जव्हारला वारली चित्र विकत घ्याल, तेव्हा काढणाऱ्याचं नाव जरूर विचारा आणि चित्रामागं लिहून ठेवा. कला समाजाची असली, तरी ती रेघ त्या हाताची आहे.