ड्राय नीडलिंग: सुईआधी बोटं शिकतात

ड्राय नीडलिंगची, म्हणजे दुखऱ्या स्नायूत औषधाविना सुई घालायच्या उपचाराची, कार्यशाळा चांगली असेल, तर सुईचं पाकीट फोडायची घाई कुणी करत नाही. सुरुवातीचा बराच वेळ एकमेकांचे खांदे, पाठी, पोटऱ्या चाचपण्यात जातो. कुठला स्नायू कुठून निघतो, कुठे चिकटतो, त्याच्या खाली काय दडलंय, हे सगळं पुस्तकात वाचलेलं असतं. पण तेच डोळे मिटून बोटांनी सांगा म्हटलं की भलेभले अडखळतात. शिरपूर-धुळ्याकडे कुणी फिजिओथेरपिस्ट तुमच्या खांद्यात सुई घालू पाहत असेल, तर त्यानं आधी काय काय शिकलेलं असायला हवं, हे तुम्हालाही ठाऊक असावं.

आधी ती सुई बघू. इंजेक्शनची सुई पोकळ असते, टोकाला तिरपी कापलेली असते. ही भरीव, जाडीला साधारण पाव मिलिमीटर. लांबी स्नायूच्या खोलीप्रमाणे, बहुधा 25 ते 60 मिलिमीटर. तिच्यातून कुठलंही औषध शरीरात जात नाही. प्लास्टिकच्या बारीक नळीतून ती त्वचेवर टेकवायची, वरून बोटानं टिचकी द्यायची, नळी काढायची आणि मग स्नायूत हळूहळू पुढे न्यायची. एवढं तंत्र लवकर जमतं. सरावाला फोमचा तुकडा किंवा संत्रं चालतं, पुढे शिकणारे एकमेकांवरच सराव करतात. ज्यानं स्वतःच्या अंगात सुई घेतलेली नाही, त्यानं दुसऱ्याला घालू नये, असं माझं मत आहे.

सुई जायची कुठे, हा खरा अभ्यास. आपल्याकडे कापसाच्या वेचणीत कमरेला ओटी बांधून बाया दिवसभर वाकून असतात. मुंबई-आग्रा महामार्गावरचा ड्रायव्हर रात्रभर स्टिअरिंग धरून बसतो. एकच स्नायू तासन्‌तास ताणलेला राहिला की त्यात दोरीसारखा घट्ट पट्टा तयार होतो आणि त्या पट्ट्यात एक जागा अशी सापडते की दाबली की माणूस ‘हं, हेच!’ म्हणतो. हा ट्रिगर पॉइंट, साध्या भाषेत गाठ. त्याची दुखणी फसवी असतात. मानेच्या कडेच्या ट्रॅपेझियसमधली गाठ कानशील ठणकवते, आणि खवाट्यावरच्या इन्फ्रास्पायनेटसमधली गाठ खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखते. पेशंट जिथे हात ठेवतो तिथे सुई घालणारा अजून शिकायचा आहे, असं खुशाल समजावं.

दुखण्यांचे हे नकाशे जॅनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स या अमेरिकन डॉक्टरांनी 1983 च्या त्यांच्या ग्रंथात मांडले. ट्रॅव्हेलबाई राष्ट्राध्यक्ष केनेडींच्याही डॉक्टर होत्या. त्या गाठीत भूल देणारं औषध टोचत. त्याआधी 1979 मध्ये कारेल लेविट या चेक डॉक्टरांनी दाखवलं होतं, की गुण औषधाचाच असतो असं नाही. सुई नेमक्या जागी लागली तर तिच्या टोचण्यानंही दुखणं उतरतं. सुई गाठीवर लागली की पुष्कळदा स्नायू क्षणभर आपोआप उडतो, डोळा लवावा तसा, आणि मग पट्टा सैल पडतो.

हे ऐकायला नीटस वाटतं, पण प्रशिक्षकानं इथे थांबून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. एकाच रुग्णात दोन तज्ज्ञांना गाठ एकाच जागी सापडेल, याची खात्री नसते. अभ्यासांत हा मेळ बऱ्याचदा कच्चाच निघाला आहे. गाठीत नक्की काय बिघडतं, यावरही वाद आहे. दुखणं काही दिवस-आठवडे कमी होतं याला बऱ्यापैकी आधार आहे, वर्षभराच्या गुणाला फारसा नाही. म्हणून ही सुई व्यायामाच्या जोडीनं वापरायची, त्याच्याऐवजी नव्हे.

आता ट्रॅपेझियसच घेऊ, कारण शिकणाऱ्याची खरी परीक्षा तिथे होते. रुग्णाला पालथं झोपवायचं. अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत स्नायू वर उचलायचा, पट्टा बोटांमध्ये घोळवून गाठ शोधायची. सुई त्या चिमटीतल्या मांसातच, समोरच्या बोटाच्या रोखानं घालायची. खाली छातीकडे कधीही नाही. कारण तिथे फुप्फुसाचं टोक गळपट्टीच्या हाडाच्याही वर आलेलं असतं. चिमूट सैल पडली, रोख चुकला, तर फुप्फुसाला छिद्र पडून छातीत हवा भरू शकते. 2013 मध्ये अमेरिकेचा स्कीइंगपटू टोरिन येटर-वॉलेस याच्या बाबतीत हेच घडलं. असं क्वचितच होतं. आयर्लंडमधल्या 39 फिजिओथेरपिस्टांनी नोंदवलेल्या 7,629 उपचारांत मोठा अपाय एकही नव्हता; काळंनिळं पडणं, थोडं रक्त येणं, दुखणं हेच काय ते. पण ‘क्वचित’ हा शब्द शिस्तीवर उभा आहे. म्हणूनच चांगल्या अभ्यासक्रमात आधी हात, पाय, नितंब शिकवतात. मान आणि छातीचा भाग पुढच्या टप्प्यावर.

सुई कुणाला घालायची नाही, हे तर सगळ्यात जास्त घोटून घ्यावं लागतं. रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, त्या जागी जंतुसंसर्ग आहे का, दिवस गेलेत का, साखर आटोक्यात आहे का, हे विचारल्याशिवाय पाकीट फोडायचं नाही. शिरपूर तालुक्यात आणखी एक प्रश्न हवाच. सातपुड्याच्या पायथ्याच्या पावरा-भिल्ल वस्तीत सिकलसेलचा आजार आहे. त्या आजारात हाडं-सांधे अचानक जीवघेणे ठणकतात, आणि वरवर पाहिलं तर ‘अंग भरून आलंय’ असंच वाटतं. ताप, धाप, पिवळे डोळे, घरात कुणाला सिकलसेल, यातलं काहीही आढळलं तर सुई बाजूला ठेवून पेशंटला ताबडतोब दवाखान्यात पाठवायचं. बाहेरच्या छापील अभ्यासक्रमात हे सापडेलच असं नाही; खानदेशात शिकवणाऱ्यानं ते घालायला हवं.

मग दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळेत हे सगळं कसं बसतं? बसत नाही. ते आधीच यावं लागतं. अमेरिकेतल्या फिजिओथेरपी परवाना मंडळांच्या महासंघानं 2015 मध्ये करवून घेतलेल्या पाहणीत दिसलं, की ड्राय नीडलिंगला लागणाऱ्या ज्ञानापैकी 86 टक्के फिजिओथेरपीच्या मूळ पदवीतच मिळतं. उरतं ते मुख्यतः सुई हाताळण्याचं. तिकडे अ‍ॅथलेटिक ट्रेनर हाही वेगळा परवानाधारक व्यवसाय आहे, आणि त्यांना सुई धरता येईल की नाही हे राज्याराज्यांनुसार बदलतं. आपल्याकडच्या जिम ट्रेनरला किंवा कबड्डीच्या कोचला तसा पाया नसतो. त्यांनी पोराचा आखडलेला मांडीचा स्नायू ओळखावा, फिजिओकडे पाठवावं. सुई धरू नये. फिजिओथेरपिस्टांची नोंदणी राज्यात 2002 च्या कायद्यानं नेमलेल्या परिषदेकडे असते. नोंदणी दाखवा म्हणायला पेशंटनं संकोचू नये. कार्यशाळा कुठे केली, पुढे कुणाच्या देखरेखीखाली हात बसवला, हेही विचारावं.

उपचाराच्या वेळी लक्ष ठेवायच्या गोष्टी साध्या आहेत. सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून निघाली पाहिजे, आणि वापरून झाल्यावर न टोचल्या जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात गेली पाहिजे. 2016 चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम तेच सांगतात. धोके समजावून तुमची संमती घेतलेली असावी. नंतर एक-दोन दिवस जागा ठणकेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. छातीत किंवा पाठीत टोचल्यावर धाप लागली, श्वास घेताना कळ आली, तर मात्र घरी पडून राहू नका. थेट हॉस्पिटल गाठा आणि सुई कुठे टोचली होती ते तिथल्या डॉक्टरांना सांगा.